एका शास्त्रज्ञ बाईंची निबंधयादी



आज मी तुम्हांला एका यादीची गोष्ट सांगणार आहे. यादी म्हटले की कुणाला वाण्याची यादी आठवेल, कुणाला लग्नाच्या याद्या आठवतील. ही यादी त्यांतली नव्हे. संशोधक मंडळी जे शोधून काढतात, ते निबंधरूपाने शास्त्रीय नियतकालिकांत छापून येते. अशा छापील निबंधांची सालवार लावलेली यादी प्रत्येक संशोधकाच्या नावावर असते. शेतकऱ्याला जसा सातबाऱ्याचा उतारा, तशी संशोधकाला ही यादी. कोणत्या साली काय केले, कुणाच्या भागीदारीत केले, कुठे छापले, एवढे त्यात असते.

पण सातबाऱ्यावर नाव असते, क्षेत्र असते, पीक असते. त्या जमिनीत किती घाम जिरला ते तिथे कुणी लिहीत नाही. निबंधांच्या यादीचेही तसेच आहे. म्हणून आज आपण एकच यादी घेऊ आणि तिच्या दोन-चार ओळी नीट वाचू.

यादी आहे इटली देशातल्या रीटा लेवी-मोंताल्चिनी ह्या बाईंची. मेंदू आणि मज्जातंतू हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९८६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ३० डिसेंबर २०१२ रोजी, वयाच्या १०३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ह्या दीर्घ आयुष्यातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ मात्र त्यांनी निजण्याच्या खोलीत बसून लिहिली, आणि ती लिहिण्यासाठी त्या गावोगाव हिंडून कोंबडीची अंडी मागत होत्या.

ऐकायला नवल वाटते ना? मग सुरुवातीपासूनच सांगतो.

रीटाबाईंचा जन्म २२ एप्रिल १९०९ रोजी इटलीच्या उत्तरेकडील तुरिन शहरात झाला. घराणे ज्यू धर्माचे. वडील इंजिनियर, आई चित्रकार. पाओला नावाची जुळी बहीण, तीही पुढे चित्रकार झाली. वडील प्रेमळ, पण मताचे पक्के. मुलींनी शिकून नोकरीधंदा करावा हे त्यांना पसंत नव्हते. बाईचा जन्म संसारासाठी, शिक्षण आड येते, असे त्यांचे म्हणणे. हे वाक्य आपल्याकडच्या कितीतरी घरांत आपण ऐकले आहे. तेव्हा त्या वडिलांना परके मानायचे कारण नाही.

त्यांच्या घरी जिओवाना नावाची एक बाई होती. तिनेच ह्या मुलांना लहानाचे मोठे केले होते. ती पोटाच्या कर्करोगाने गेली. तो मृत्यू रीटाबाईंच्या मनाला लागला आणि आपण डॉक्टर व्हायचे असे त्यांनी ठरवले. तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. लॅटिन येत नव्हते, ग्रीक येत नव्हते, गणित कच्चे होते. वडिलांची कशीबशी परवानगी मिळवली आणि आठ महिन्यांत हे सगळे विषय तयार करून त्या वैद्यकाच्या शाळेत दाखल झाल्या. १९३६ साली त्या उत्तम गुणांनी डॉक्टर झाल्या.

तिथे त्यांना जुझेप्पे लेवी नावाचे गुरू भेटले. आडनाव सारखे असले तरी नाते नव्हते. गुरुजी तापट होते, कडक होते, पण कामाला चोख. शरीराच्या पातळ चकत्या कापून, त्यांना चांदीच्या क्षारांनी रंग चढवून, सूक्ष्मदर्शकाखाली मज्जापेशी कशा पाहायच्या हे रीटाबाई त्यांच्याकडे शिकल्या. मज्जापेशी म्हणजेच तुमच्या शाळेच्या पुस्तकातल्या चेतापेशी. त्याच वर्गात लुरिया आणि डुल्बेको ही दोन मुले होती. पुढे ह्या तिघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले. लुरियांना १९६९ साली, डुल्बेकोंना १९७५ साली आणि रीटाबाईंना १९८६ साली. मास्तरांचे मोजमाप कशाने करावे, ह्याचे ह्याहून चांगले उत्तर मला तरी ठाऊक नाही.

आता यादीकडे येऊ.

१९३८ साली इटलीत मुसोलिनीच्या सरकारने ज्यू लोकांविरुद्ध कायदे केले. ज्यूंनी विद्यापीठात शिकवायचे नाही, संशोधन करायचे नाही. रीटाबाईंची जागा गेली. त्यांच्या गुरुजींचीही गेली. इटलीतल्या नियतकालिकांची दारेही ज्यू लेखकांना बंद झाली. म्हणजे बघा, नुसती नोकरी गेली असे नाही. काम करू नकोस, केलेस तर सांगू नकोस, आणि सांगितलेस तर आम्ही छापणार नाही, असा तिहेरी बंदोबस्त झाला.

रीटाबाई काही काळ बेल्जियममध्ये ब्रसेल्सला काम करायला गेल्या. पण १९४० साली जर्मन फौजा बेल्जियमवर चालून येणार अशी चिन्हे दिसू लागताच त्या तुरिनला घरी परत आल्या. करायचे काय? घरी बसून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

त्या उन्हाळ्यात त्या रेल्वेने एका खेड्याकडे चालल्या होत्या. लढाईचे दिवस, नेहमीचे डबे मिळत नव्हते. गुरे वाहून नेण्याच्या उघड्या डब्यात, खालीच बसकण मारून त्यांचा प्रवास चालला होता. हातात एक जुना निबंध होता, गुरुजींनी दोन वर्षांपूर्वी दिलेला. निबंध १९३४ सालचा. लेखक व्हिक्टर हॅम्बर्गर. हे गृहस्थ मूळचे जर्मनीतले. ते अभ्यासासाठी अमेरिकेत गेले असताना हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू म्हणून त्यांची जर्मनीतली जागा गेली. तेव्हापासून ते अमेरिकेतच राहिले होते. एका घरातून हाकललेल्या माणसाचा निबंध दुसऱ्या घरातून हाकललेली बाई गुरांच्या डब्यात बसून वाचते आहे.

त्या निबंधात काय होते?

श्रोतेहो, अंड्यातले पिल्लू एकवीस दिवसांत बाहेर येते हे तुम्हांला मी सांगायला नको. पण आत काय घडते ते पाहा. दुसऱ्या दिवशीच त्याचे हृदय धडधडू लागते. तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला अंगाला चार बारीक उंचवटे दिसतात. झाडाला कोंब फुटावेत तसे हे कोंब. पुढच्या दोहोंचे पंख होतात, मागच्या दोहोंचे पाय. इकडे पाठीच्या कण्याजवळ मज्जापेशी तयार होत असतात. प्रत्येक पेशीतून एक लांबलचक धागा निघतो आणि पंखाकडे किंवा पायाकडे जातो. पुढे त्याच धाग्यांवरून पाय हलवण्याचा हुकूम जातो आणि पायात काटा रुतल्याची खबर परत येते.

हॅम्बर्गर यांनी अंड्याच्या कवचाला लहानशी खिडकी पाडून गर्भाचा पंखाचा कोंब काढून टाकला. काही दिवसांनी पाहिले, तर त्या बाजूच्या मज्जापेशी फारच थोड्या दिसल्या. असे का झाले? त्यांनी तर्क केला की पंखाकडून मज्जापेशींना काहीतरी सांगावा जात असला पाहिजे. तो गेला की पेशी तयार होतात. इथे पंखच नाही, म्हणून सांगावा नाही, म्हणून पेशी तयारच झाल्या नाहीत.

रीटाबाईंना हा तर्क पटेना.

शेतकरी बंधूंनो, ही शंका तुम्हांला चटकन समजेल. समजा, पेरणीनंतर महिनाभराने तुम्ही परगावाहून आलात आणि शेताचा एक कोपरा उघडा पडलेला दिसला. एक जण म्हणेल, बी उगवलेच नाही. दुसरा म्हणेल, उगवले होते, पण पाणी मिळाले नाही म्हणून रोप वाळले. महिन्याने पाहणाऱ्याला दोन्ही कोपरे सारखेच उघडे दिसणार. खरे काय ते कुणाला कळेल? जो रोज बांधावर जाऊन पाहतो त्याला. आणि कारण वेगळे असले तर उपायही वेगळा. बी वाईट असेल तर बी बदला. पाणी कमी असेल तर पाण्याची सोय करा.

रीटाबाईंनी ठरवले की आपण रोज बांधावर जायचे. म्हणजे कोंब काढल्यानंतर वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी अंडी उघडायची, आणि मज्जापेशींचे काय होत गेले ते पायरीपायरीने पाहायचे.

पण ह्यासाठी प्रयोगशाळा हवी. ती त्यांनी आपल्या निजण्याच्या खोलीत मांडली. अंडी उबवण्याची पेटी ठेवली. भावाने काचेची एक बंद पेटी करून दिली. तिला हात घालण्यापुरती दोन भोके. आत अंडे ठेवायचे आणि बाहेरून हात घालून काम करायचे, म्हणजे धूळ लागायची नाही. सूक्ष्मदर्शक होता. चाकू कुठले? घरातल्या शिवणाच्या सुया दगडावर घासून त्यांचीच नाजूक हत्यारे केली. घड्याळजीचा चिमटा घेतला, डोळ्यांच्या डॉक्टरची बारीक कात्री घेतली. झाली प्रयोगशाळा! थोड्याच दिवसांत गुरुजी लेवीही बेल्जियममधून निसटून आले आणि त्याच खोलीत शिष्येचे मदतनीस म्हणून काम करू लागले.

तेवढ्यात तुरिनवर बाँब पडू लागले. भोंगा वाजला की रीटाबाई तळघराकडे धावत; सोबत सूक्ष्मदर्शक आणि रंग चढवलेल्या काचा. पुढे शहरात राहणेच अशक्य झाले. सगळे कुटुंब खेड्यातल्या एका लहान घरात राहायला गेले. तिथे सर्वांच्या वावराच्या खोलीतला एक कोपरा ही नवी प्रयोगशाळा. आणि अंडी? लढाईत अंडी मिळणे कठीण. रीटाबाई सायकलवर टांग टाकून शेतकऱ्यांच्या दारोदार जात. अंडी नुसती चालत नसत. ज्या कळपात कोंबडा आहे तिथलीच लागत. नाहीतर आत गर्भ कुठला? मग त्या शेतकऱ्याला सांगत, घरी लहान मुले आहेत हो, त्यांना अशीच अंडी जास्त पौष्टिक! गर्भ काढून घेतल्यावर राहिलेल्या अंड्यांचे घरात ऑम्लेट होई. लढाईच्या दिवसांत अन्न टाकणार कोण?

आणि ह्या सगळ्यातून त्यांना दिसले काय? पेशी तयार होत होत्या! व्यवस्थित तयार होत होत्या. त्यांचे धागेही बाहेर पडून पंखाच्या दिशेने निघत होते. पण जिथे पोचायचे ते ठिकाणच नव्हते. तिथे गेल्यावर जे मिळायचे ते मिळाले नाही, आणि मग त्या पेशी एकामागून एक मरून गेल्या. बी उगवले होते. पाणी मिळाले नव्हते.

आता सांगा, हे जगाला कळवायचे कसे? इटलीत छापायला बंदी. मग त्यांनी तो निबंध फ्रेंच भाषेत लिहून बेल्जियममधील लिएज येथून निघणाऱ्या नियतकालिकाकडे धाडला. बेल्जियमदेखील त्या वेळी जर्मनांच्या ताब्यात होता. तरी निबंध स्वीकारला गेला. यादीतली ही ओळ १९४२ सालची आहे. त्याच नियतकालिकात १९४३ साली दुसरा निबंध आला. आणि १९४४ साली एक मोठा निबंध रोममधल्या पोपच्या विज्ञानसंस्थेच्या नियतकालिकात छापून आला. व्हॅटिकन हे स्वतंत्र राज्य. तिथे मुसोलिनीचा कायदा चालत नव्हता.

यादीत ह्या तीन ओळी किती साध्या दिसतात! नाव, साल, पान. शिवणाच्या सुया नाहीत, सायकल नाही, तळघर नाही. उलट १९४३ च्या सप्टेंबरात जर्मन सैन्य इटलीत घुसले, तेव्हा तर ही सगळी मंडळी खोटी नावे घेऊन फ्लॉरेन्स शहरात लपून राहिली होती. ऑगस्ट १९४४ मध्ये शहर मोकळे झाले, तेव्हा रीटाबाई बाहेर आल्या आणि निर्वासितांच्या छावणीत डॉक्टर म्हणून रुजू झाल्या. तिथे विषमज्वराची साथ होती. माणसे डोळ्यांदेखत मरत होती. कोंबडीच्या गर्भातल्या पेशींचा विचार त्या दिवसांत कुणाला सुचणार?

पण निबंध छापला गेला होता. श्रोतेहो, हाच आजच्या भाषणाचा मुद्दा आहे. छापलेला निबंध म्हणजे पत्ता न घातलेले पत्र. ते कुणाच्या हाती पडेल हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. लिहिणारा लपून बसला असेल, आजारी असेल, कदाचित जगातही नसेल. पत्र आपल्या वाटेने चालत राहते.

हे पत्र पोचले अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात, आणि नेमके कुणाच्या हाती? हॅम्बर्गर यांच्या! ज्यांचा तर्क ह्या निबंधाने खोडून काढला होता त्यांच्याच.

आता क्षणभर आपण त्यांच्या जागी उभे राहू. आपण नावाजलेले प्राध्यापक. कुठल्याशा देशातली, नाव न ऐकलेली एक बाई लिहिते की तुमचा प्रयोग बरोबर, पण अर्थ चुकला. आपण काय केले असते? कुणी निबंध बाजूला ठेवला असता, कुणी चिडून उत्तर लिहिले असते. हॅम्बर्गर यांनी १९४६ साली जुझेप्पे लेवींना पत्र घातले की तुमच्या ह्या शिष्येला काही महिने माझ्याकडे पाठवा, आपण मिळून हा प्रश्न पुन्हा तपासू. १९४७ च्या शरदात रीटाबाई बोटीने अमेरिकेला गेल्या. त्याच बोटीवर त्यांचे जुने वर्गबंधू डुल्बेकोही होते. काही महिन्यांसाठी म्हणून गेल्या, आणि सुमारे तीस वर्षे त्यांचे नाते त्या विद्यापीठाशी राहिले.

यादीत १९४९ साली दोघांच्या नावाने निबंध आहे. त्यात दोघांनी मिळून प्रयोग पुन्हा केला आणि हॅम्बर्गर यांनी आपल्या नावानिशी मान्य केले की पेशी तयार होतात आणि मग मरतात. आपली चूक आपल्याच सहीने दुरुस्त करणे, आणि तेही छापील! पंचायतीत, शाळेत, घरात आपण किती वेळा असे करतो?

ह्यापुढच्या ओळी भराभर सांगतो. १९४८ साली ब्यूकर नावाच्या एका संशोधकाने, हे हॅम्बर्गर यांचेच विद्यार्थी, उंदराच्या कर्करोगाच्या गाठीचा तुकडा कोंबडीच्या गर्भात बसवला होता. तेव्हा मज्जातंतू त्या गाठीत शिरलेले दिसले. रीटाबाईंनी तो प्रयोग पुढे नेला. १९५१ च्या निबंधात रीटाबाई आणि हॅम्बर्गर म्हणतात की ही गाठ काहीतरी द्रव सोडते आहे आणि त्याने मज्जातंतू वाढतात. हे पडताळण्यासाठी रीटाबाई १९५२ साली ब्राझीलमध्ये रिओला गेल्या. कारण शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्यात निष्णात असलेली हेर्टा मेयर ही त्यांची जुनी ओळखीची बाई तिथे होती. तीही ज्यू म्हणून तुरिन सोडून गेलेली. गाठ असलेले दोन उंदीर एका लहान खोक्यात घालून रीटाबाईंनी विमानातून नेले! गाठीच्या तुकड्याजवळ मज्जापेशींचा पुंजका ठेवला, तर त्यातून चोहोबाजूंनी धागे फुटले. सूर्याची किरणे निघावीत तसे. त्याची चित्रे शाईने काढून त्या हॅम्बर्गर यांना पत्रांतून पाठवत. त्या कामाचा निबंध १९५४ साली छापला गेला; त्यावर हेर्टाबाईंचेही नाव आहे.

मग सेंट लुइसला स्टॅन्ली कोहेन नावाचे रसायनशास्त्रज्ञ आले. हा द्रव कशाचा बनला आहे, हे शोधण्याचे काम त्यांनी घेतले. ते करताना एक गंमत झाली. एक पदार्थ तोडून टाकायचा म्हणून त्यांनी त्यात सापाचे विष घातले. वाटले, आता धागे फुटायचे थांबतील. तर ते अधिकच जोराने फुटले! त्या विषातच ते द्रव्य भरपूर होते. आता सापाची विषाची ग्रंथी म्हणजे आपल्या लाळेच्या ग्रंथीचीच बहीण. मग कोहेन यांनी उंदराच्या लाळेच्या ग्रंथी तपासल्या, आणि तिथे त्या द्रव्याचा साठाच सापडला. हे द्रव्य म्हणजे एक प्रथिन. त्याला आपण मज्जातंतू वाढवणारे द्रव्य म्हणू. १९६० साली रीटाबाई आणि बार्बरा बुकर ह्यांनी दाखवले की नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या शरीरात ह्या द्रव्याला निकामी करणारी प्रतिद्रव्ये टोचली, तर एका ठरावीक जातीच्या मज्जापेशी जवळजवळ नष्ट होतात. म्हणजे हे द्रव्य ह्या पेशींना हवेच. त्याच्यावाचून त्या जगत नाहीत.

खेड्यातल्या त्या कोपऱ्यात ज्या "पाण्याची" शंका आली होती, ते पाणी असे हाती लागले. अठरा वर्षांनी.

ह्यावर विश्वास ठेवायला पुष्कळ शास्त्रज्ञांना वेळ लागला. १९८६ साली नोबेल पारितोषिक रीटाबाई आणि कोहेन ह्या दोघांना विभागून मिळाले. हॅम्बर्गर यांचे नाव त्यात नव्हते, आणि ते असायला हवे होते असे पुष्कळ जाणत्यांना वाटले. पारितोषिकाच्या पाटीवर नावे थोडीच मावतात. पण निबंधांची यादी काढा. तिथे १९४९, १९५१, १९५४ ह्या सालांपुढे रीटाबाईंच्या नावाशेजारी हॅम्बर्गर यांचे नाव आहे. ते कुणालाही खोडता येणार नाही. हाही छापण्याचा एक उपयोग आहे. कुणाचा हात लागला ते राहते.

तुम्ही विचाराल, ह्याचा माणसाला उपयोग काय? डोळ्याच्या बुबुळाला जाणीव देणारे मज्जातंतू निकामी झाले की बुबुळाला जखमा होतात आणि त्या भरून येत नाहीत. ह्याच द्रव्यापासून केलेले डोळ्यांत घालायचे थेंब २०१७ साली युरोपात आणि २०१८ साली अमेरिकेत मंजूर झाले. पहिल्या निबंधानंतर पंचाहत्तर वर्षांनी! त्या सायकलवाल्या बाईंना अंडी देणाऱ्या शेतकऱ्याला हे कुठे माहीत होते?

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मुलींनी जास्त शिकू नये म्हणणारे ते वडील आठवतात ना? १९९२ साली रीटाबाई आणि पाओला ह्या दोघी बहिणींनी त्याच वडिलांच्या स्मरणार्थ एक संस्था काढली. आफ्रिकेतल्या मुलींना आणि तरुण स्त्रियांना शिकण्यासाठी तिने मदत केली. वडिलांशी वाद घालण्याची ही रीत मला फार आवडते.

शिक्षक बंधुभगिनींनो, शेवटी तुमच्यासाठी एक विनंती. आजकाल कुणाच्या नावावर किती निबंध, ह्याची मोजदाद फार होते. संख्या पाहून माणसाची किंमत ठरवली जाते. पण रीटाबाईंच्या यादीत ज्या ओळींवर पुढचे सगळे उभे राहिले, त्या १९४२ ते १९४४ च्या तीनच ओळी आहेत. सातबाऱ्यावर किती एकर आहे हे पाहून जमिनीचा कस कळत नाही. तेव्हा मुलांना संख्या शिकवण्याआधी नोंद करणे शिकवू या.

तुमच्या गावात कुणाकडे तरी कोंबडी खुडूक बसेल. तिच्या घरधनिणीला विचारून पाचव्या-सहाव्या दिवशी, दिवेलागणीनंतर, एक अंडे हळूच उचला. पुठ्ठ्याला रुपयाएवढे भोक पाडा, मागे बॅटरी धरा, पुढे अंडे धरा. आत तांबड्या शिरांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे जाळे दिसेल, मध्ये एक काळसर ठिपका. मुलांना पाहू द्या आणि अंडे लगेच कोंबडीखाली परत ठेवा. मग वहीत तारीख घालून लिहायला सांगा. जे दिसले तेवढेच लिहायचे. दोन मुलांना वेगवेगळे दिसले तर दोन्ही लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचे. एकविसाव्या दिवशी जी पिल्ले निघाली त्यांची नोंद करायची, आणि जे अंडे फुटलेच नाही त्याचीही करायची. ती वही शाळेच्या भिंतीवर सगळ्यांना वाचता येईल अशी टांगा.

त्या वहीत एखाद्या मुलाने मास्तरांची चूक दाखवली, तर हॅम्बर्गर आठवा. त्या मुलाला जवळ बोलवा आणि म्हणा, ये, आपण दोघे मिळून पुन्हा पाहू.